परिपक्व परागकण

३ जुलै
जालन्याच्या कॉलेजातून फोन आल्ता. बायोलॉजीची पर्मनंट जागा! बारा तारखेला डेमो लेक्चर. विषय, परिपक्व परागकणाची आतली रचना. सोपंय. तीर्थपुरीत तासिका तत्त्वावर इतकी वर्षं हेच तर शिकवून राह्यलो. पुढच्या वर्षी वय निघून जातं, म्हणून यंदा सोडायचं न्हाई. उद्या पहाटेपासून अभ्यास.

५ जुलै
अभ्यास झाला न्हाई. पाहुणे आल्ते. (दुपारी आले, पण पहाटे मूड नव्हता.)

६ जुलै
जास्वंदीचा पराग मायक्रोस्कोपखाली पाह्यला. नुसते काटेरी पिवळे गोळे. आतलं काही दिसेना, म्हणून कुंकवाचं पाणी टाकलं. लेन्स लाल. प्राचार्य सर्जेराव सर म्हणाले, पुसून ठेवा आणि परत हात लावू नका.

८ जुलै
मॉडेलच करतो. कणकेचा मोठा गोळा म्हणजे अन्न साठवणारी मोठी पेशी. तिच्या पोटात लांबट, टोकदार छोटी जनन पेशी. पेशीच्या आत पेशी! सगळ्यांसमोर सुरीनं कापायचा. सिलेक्शन बिलकुल पक्कं. बायकोला, मोनिकाला, म्हणालो, जालन्यात घर बघू. म्हणाली, आधी पुस्तक बघा. तिला व्हिजन न्हाई.

११ जुलै
गोळा तयार. छोटी पेशी बिटाची कोरली. मोनिका म्हणाली, आत ठेवली का, बघा एकदा. म्हणालो, एम.एस्सी. मी आहे.

१२ जुलै, परतीच्या बसमध्ये
गोळा कापला. आत कणीकच. आडवा कापला. कणीकच. समोरच्या मॅडमनी विचारलं, जनन पेशी कुठंय? म्हणालो, अजून तयार व्हायचीय. त्या म्हणाल्या, पण विषय परिपक्व परागकण आहे ना? फळ्यावर काढतो म्हणालो, तर मोठी पेशी कोणत्या कामाची अन् छोटी कोणत्या, काहीच आठवेना. शेजारी शेजारी दोन सारखे गोल काढले. चष्म्यासारखे.

संध्याकाळी
बिटाची पेशी ओट्यावर, ताटलीखाली. मोनिकानं ती उचलून माझ्या हातावर ठेवली.

२० जुलै
जालन्याची जागा दुसऱ्याला गेली. इकडं सर्जेराव सरांनी बोलावलं. यंदा बायोलॉजीला पोरं कमी, तुमचे तास बंद. मी म्हणालो, हरकत न्हाई सर, दुसऱ्या ऑफर आहेत.
घरी आल्यावर मोनिकालाही तेच सांगितलं. तिनं विचारलं, कोणत्या?