माझीच नाणी काळी का?

२ नोव्हेंबर, रविवार

मिळाली! तीन नाणी माझी!

जुन्या सामानवाल्याकडून आम्ही तिघांनी — मी, दातांचे डॉक्टर, पोस्टमास्तर — मिळून घेतलेली ती चिकटलेल्या नाण्यांची गुठळी आज एकदाची सुटली. दिसायला ढेकूळ, आत सगळी चांदी. डॉक्टरांच्याच दवाखान्यात, एकाच भांड्यात, एकाच पाण्यात सोडवली. पोस्टमास्तर घड्याळ धरून उभे. निवृत्त झाले तरी रुबाब तोच. नऊ नाणी धड निघाली, बाकी चुरा. चिठ्ठ्या टाकून वाटणी केली.

धड म्हणायचं आपलं! सगळ्यांना खरूज झालेली. माझ्या एकावरच्या राजाला नाक नाही, दुसऱ्यावर राजाच नाही, नुसता मुकुट. तिसऱ्याची कड उंदरानं कुरतडल्यासारखी. पण पांढरी! आतून काय पांढरी आहेत!

नियम ठरला — एकट्यानं कुणी हात लावायचा नाही. घासायचं नाही, बुडवायचं नाही. दर रविवारी आपापली आणून शेजारी शेजारी मांडायची. तिघांनी शपथ घेतली. शाळेतल्या पोरांसारखी, आणि केस बघा तिघांचे!

घरी आत्याला दाखवली. "याचे कुणी चणे तरी देईल का गं?" म्हणाली. नाण्यांचं कपाट तिच्या खोलीत, त्यामुळे तिचं पहिलं मत घ्यावंच लागतं.

५ नोव्हेंबर

घरमालकांनी मागच्या अंगणात फरशी घातली. गाडी लावायची आहे. संडासाच्या टाकीचा उंच पाइप आडवा येत होता, तोही कापून वर फरशी बसवली. आत्याच्या खिडकीतून आता छान दिसतं. म्हणजे खिडकी उघडली तर. थंडी पडल्यापासून ती उघडू देत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

माझी नाणी पिवळसर झाली आहेत. थोडीच. त्या दोघांची होती तशीच.

पोस्टमास्तर म्हणाले, "घरी नेऊन चहात बुडवलीत की काय?" हसले सगळे. डॉक्टर जरा उशिरा हसले.

१३ नोव्हेंबर

आत्याचं डोकं दुखतंय. "मागून सडक्या अंड्यांचा वास येतो गं." मीही हुंगून बघितलं — येतो खरा. घरमालकांना सांगितलं. "बघतो." त्यांचं बघणं मला ठाऊक आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

काळी! तिन्ही! डॉक्टरांच्या टेबलावर नऊ नाणी मांडली तर सहा पांढरी आणि माझी तीन कोळशासारखी. एकाच भांड्यातून निघालेली, मग माझ्याच नाण्यांना काय धाड भरली?

डॉक्टरांनी भिंग लावलं, खाली ठेवलं. "बाई, तुम्ही काहीतरी लावलंत. नियम मोडलात. सांगून टाका, मोकळ्या व्हा." आवाज असा, की किडलेली दाढ लपवलीय मी! पोस्टमास्तर खाली मान घालून बसले. म्हणजे त्यांनाही तसंच वाटतं.

इतक्या वर्षांची ओळख! रविवार सोडला तर माझ्या आयुष्यात आहे काय — चष्म्यांचं दुकान आणि आत्या. आणि हे मला खोटारडी ठरवतात. रस्त्यातच रडू आलं. मग वाटलं, डॉक्टरांनीच चिठ्ठ्यांत काही केलं असेल. निकस नाणी माझ्या गळ्यात मारली असतील.

१७ नोव्हेंबर

दुकानात चित्त नाही. एकाला वाचायचा चष्मा दुसऱ्याचाच दिला. त्यानं लावला आणि माझं तोंड वाकडं दिसतं म्हणाला. वाकडंच होतं.

१९ नोव्हेंबर

आत्याचे डोळे लाल. दुकानात आणून तपासले, नंबर तोच आहे. थेंब दिले. जिना चढताना गरगरलं म्हणून कठड्याला धरून उभी राहिली. वय झालं, दुसरं काय. आई गेल्यावर हिनंच मला वाढवलं, तेव्हा हिला कधी गरगरलेलं आठवत नाही.

एक बरं झालं. तो वास गेला. "आता काहीच येत नाही," म्हणाली. मलाही येत नाही. घरमालकांनी चक्क ऐकलं म्हणायचं!

२० नोव्हेंबर

सरळ दवाखान्यात गेले. दातदुखीवाले बसले होते, बसू देत. म्हटलं, "तुमचं एक पांढरं नाणं द्या. माझ्या कपाटात ठेवते. किल्ली पोस्टमास्तरांकडे. मग बघू कोण काय लावतं." डॉक्टरांना नाही म्हणता येईना.

पोस्टमास्तर संध्याकाळी आले. नाणं ठेवलं, कुलूप घातलं, दारावर कागदाची पट्टी चिकटवून सही ठोकली. जन्मभर शिक्के मारायची सवय, जाते थोडीच! आत्या पलंगावरून बघत होती. "चोर मीच निघाले तर गं?" म्हणाली. हसता हसता खोकला लागला.

२३ नोव्हेंबर, रविवार

जिंकले!

सकाळी पोस्टमास्तर आले. पट्टी जशीच्या तशी. कुलूप उघडलं आणि डॉक्टरांचं पांढरंशुभ्र नाणं काळंठिक्कर! पोस्टमास्तरांनी हातात घेतलं, बोटं पुसली, परत घेतलं. "बाई, चुकलं आमचं," म्हणाले. डोळे पुसत होते. मला वाटलं गहिवरले, तर म्हणाले, "काय झोंबतंय हो इथं?" लगेच बाहेर गेले. डॉक्टरांना स्वतः सांगतो म्हणाले, पण ते सुख मी कुणाला देणार नाही. फोन मीच करणार. त्यांनी माफी मागितल्याशिवाय ठेवणार नाही.

आम्ही कुजबुजत होतो, कारण आत्या अजून झोपली होती. डोक्यावरून पांघरूण, भिंतीकडे तोंड. इतक्या उशिरापर्यंत कधी झोपत नाही. काल फार दमली होती, झोपू दे.

आधी हे लिहून घेतलं. आता डॉक्टरांना फोन, मग आत्याला उठवते.

२५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी माफी मागितली नाही. एवढंच विचारलं, "त्या खोलीत झोपतं कोण?" संडासाच्या टाकीतला वायू; पाइप कापल्यापासून खोलीत शिरत होता. चांदी त्यानंच काळी पडते, आणि तो फार वाढला की नाकाला वास कळेनासा होतो.

आत्याच्या गळ्यातली चांदीची साखळी आज शवागारातून मला कागदात गुंडाळून दिली. काळीकुट्ट आहे. कधीपासून, ते मला सांगता येत नाही.