सकाळी नऊचा पारा

प्रति,
मा. संचालक,
प्रशिक्षण शाखा, हवामान खाते,
मुख्य कार्यालय.

विषय : हवामान अंदाज अधिकारी पदाच्या प्रशिक्षणास पात्र ठरवणे, तसेच वरिष्ठांना केलेल्या मारहाणीच्या अहवालातील चुका दुरुस्त करणेबाबत.

संदर्भ : "वर्तन हिंसक असल्याने निवड स्थगित" हे आपले पत्र.

महोदय,

१. अर्जदार ही बंदरावरील केंद्रात अकरा वर्षे सहायक निरीक्षक आहे. दर तीन तासांनी हवेच्या दाबाचा पारा, वारा व ढग पाहून वहीत लिहिणे हे तिचे काम. तिची आई सांगते की ही मुलगी लहानपणापासून ताटाकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघते, हिचे लग्न ढगाशीच लावावे लागणार. ते काही लागले नाही, पण प्रशिक्षणाच्या लेखी परीक्षेत ती पहिली आली. हे प्रशिक्षण तिला जिवापाड हवे आहे, हे आडपडदा न ठेवता आधीच नमूद केलेले बरे.

२. अहवालात "अर्जदाराने अधिकाऱ्यांस एकदा मारले" असे आहे. ही नोंद चूक आहे. पावसाच्या मापाचे पितळी नरसाळे वापरून एकूण तीन फटके मारण्यात आले. पहिल्याने नाक फुटले, दुसऱ्याने वरचे दोन दात पडले, तिसरा कानशिलात बसला व त्यात अर्जदाराचेच बोट मोडले. चौथ्यासाठी हात उचलला तेव्हा शिपाईमामांनी मनगट धरले व म्हणाले, "बाई, मरेल हो तो, आणि साक्षीला मी एकटाच सापडेन." जे झाले ते तेवढेच लिहावे, ही या खात्याची शिस्त आहे.

३. कारण म्हणून "भावाच्या निधनाने मनाचा तोल गेला" असे लिहिले आहे. तेही खरे नाही. त्या दिवशी सकाळी नऊ वाजता पारा नऊशे अठ्ठ्याऐंशीवर उतरला होता, म्हणजे वादळ दारात होते. खांबावर धोक्याचा बावटा चढवायला अंदाज अधिकाऱ्यांची सही लागते व बावट्याच्या पेटीची किल्लीही त्यांच्याच खिशात असते. कार्यालयात त्यांना सगळे निरभ्रसाहेब म्हणतात, कारण छपरातून पाणी गळत असतानाही त्यांच्या अंदाजात आकाश निरभ्र असते. वही पुढे केल्यावर ते म्हणाले, "तो पारा माझ्यासारखाच म्हातारा झालाय, उगाच खाली बसतो." सही मिळाली नाही. अर्जदार धावत धक्क्यावर गेली. तिचा धाकटा भाऊ चार सोबत्यांसह नाव सोडत होता. त्याने रिकाम्या खांबाकडे बोट दाखवले व हसत म्हणाला, "ताई, साहेबांपेक्षा तू शहाणी का?" आणि दोर सोडला.

४. बारा वाजता वादळ धडकले. नाव बंधाऱ्याच्या दगडांवर आपटून दुभंगली, आणि पाण्यातली माणसे त्याच दगडांवर पुन्हा पुन्हा आपटत राहिली. बाराच्या निरीक्षणाची वेळ असल्याने अर्जदार गच्चीवर होती व तिने हे सर्व पाहिले. वाऱ्याचा वेग लिहिताना तिचे अक्षर बिघडलेले नाही, वही पाहावी. पाचही जण गेले. भावाला चेहरा उरला नव्हता. आईने त्याला पायाच्या वाकड्या अंगठ्यावरून ओळखले.

५. पाचव्या दिवशी अर्जदार कामावर आली तेव्हा निरभ्रसाहेब ब्लेडने वही खरवडत होते. नऊच्या रकान्यात एक हजार आठ हा शांत हवेचा आकडा बसवून झाला होता. चुकलेला आकडाही एका रेघेने खोडून बाजूला सही करायची, खालचे वाचता आले पाहिजे, हे नव्या माणसाला आपण पहिल्याच दिवशी शिकवतो. ते म्हणाले, "अहो, आकड्याने मेलेली माणसं परत येतात का? मग बदलला तर कुणाचं काय जातं?" त्यानंतर वर लिहिलेले तीन फटके.

६. नऊचा आकडा अर्जदाराने चुकून लिहिला अशा माफीनाम्यावर सही केल्यास निवड कायम होईल, असे आपल्या कार्यालयाने तिला तोंडी कळवले आहे. तो नमुना सही न करता सोबत परत पाठवला आहे. फटक्यांबद्दल मात्र अर्जदाराची एक चूक झाली, ती कबूल आहे. ते वादळाच्या दिवशीच सकाळी नऊ वाजता मारायला हवे होते. किल्ली हाती आली असती. या विचाराने तिचा डोळ्याला डोळा लागत नाही.

७. अर्जदार अद्याप पात्र नसली तरी एक अंदाज सादर करत आहे. निरभ्रसाहेब सोमवारी दहा वाजता रजेवरून रुजू होत आहेत. भावाच्या चार सोबत्यांच्या घरची माणसे रोज केंद्राच्या दाराशी येऊन नऊचा पारा किती होता ते विचारतात, आणि चौकशी संपेपर्यंत सांगू नये असा आपला आदेश आहे. सोमवारी अर्जदार त्यांना खरा आकडा सांगणार आहे. ती माणसे सरळ धक्क्यावरून येतात व त्यांच्या हातात वल्ही असतात. दारापासून साहेबांच्या खुर्चीपर्यंत अठरा पावले आहेत आणि मध्ये शिपाईमामा एकटे. जबर मारहाण निश्चित, हाडे मोडण्याची दाट शक्यता, जीव वाचेलच असे सांगता येत नाही. त्यापूर्वी निरभ्रसाहेबांनी खरा आकडा परत लिहून बाजूला सही केल्यास अंदाज बदलू शकतो.

हा इशारा शुक्रवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे वेळेत, देण्यात आला आहे. मिळाल्याची वेळ घालून पोच द्यावी, म्हणजे आम्हाला कुणी कळवलेच नव्हते असे या वेळी म्हणता येणार नाही.

आपल्या सहीची वाट पाहणारी,
आपली नम्र,
(सही)
सहायक निरीक्षक, बंदर हवामान केंद्र
शुक्रवार, सकाळी ९.००