माळावर झाडे शून्य

१२ नोव्हेंबर, सकाळी ७
आजपासून माळाची नोंद. भैरवगढच्या पुढे साडेतीन एकर सरकारी जमीन. नांगर कधी लागला नाही, म्हणून मूळचं गवत टिकलंय. पवन्या, मारवेल, कुसळी. आम्ही तिघं स्वयंसेवक: मी, मैत्रीण श्रुती आणि रेल्वेतून रिटायर झालेले यज्ञेश्वरकाका. प्रमुख मी. कुणी नेमलं नाही, पण वही माझ्याकडे आहे.
संकल्प: मार्चपर्यंत माळ संरक्षित.

१९ नोव्हेंबर
काका कडुलिंबाचं रोप घेऊन आले. समजावलं की सावलीत हे गवत मरतं, आणि चंडोल अंडी घालतो ती गवतातच. काका म्हणाले, बेटा, सही आहे तुझं, पण लोकांना काय सांगू, की म्हातारा घास वाचवतोय? श्रुती हसली. ती अजून कच्ची आहे.
ओढणीत कुसळंच कुसळं. आई म्हणाली, धुवून जात नाहीत ती, बस आता उपटत.

६ जानेवारी
वनखात्याच्या ऑफिसातून सर्वेक्षणाचा फॉर्म आणला. बारा रकाने. नववा: झाडांची संख्या. गवताला रकानाच नाही. श्रुती म्हणाली, नववा सोडून दे ना, नुसती चिठ्ठी जोड. अशी कामं तिला जमतात. मला पाचवीपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं, ओट्याशी पाट मांडून. पहिला धडा, रकाना कोरा सोडायचा नाही. कोरा रकाना म्हणजे अर्धं खोटं.
‘शून्य’ लिहिलं. मग शंका आली. परत जाऊन पाहिलं तर उत्तरेच्या कोपऱ्यात एक बाभूळ, गुडघ्याएवढी. हिला झाड म्हणायचं का? तासभर विचार केला. शेवटी उपटली. आता शून्य खरं आहे.

९ जानेवारी
फॉर्म दिला. सोबत नकाशा आणि गवतांच्या एकतीस जातींची पुरवणी. फ्रीगंजच्या ऑफिसातले बाबू म्हणाले, मॅडम, इतना साफ फॉर्म पहली बार देखा. घरी सांगितलं. बाबांनी दोनदा चष्मा पुसला.

३१ मार्च
उत्तर नाही. म्हणजे काम खोलात जाऊन चाललंय.
श्रुती म्हणते, जाऊन विचार तरी. विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं.

१८ जून
पत्र आलं! ‘आपके सर्वेक्षण के आधार पर’ जमीन निवडली, हरियाली के लिए. श्रुतीचा फोन: कसली हरियाली, ते विचारलंस? शंका काढणं तिचा स्वभावच. गवत हिरवंच असतं.
आईनं शिरा केला.

६ जुलै
माळावर मशीन. खड्डे, दोरी लावून, सरळ रांगेत. मारवेल मुळासकट ढिगात.
ऑफिसात धावले. बाबूंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, आपने ही तो शून्य लिखा था, मॅडम. एक भी पेड़ होता तो ज़मीन लिस्ट में आती ही नहीं.
एक भी.
पुरवणीचं विचारलं. म्हणाले, वो घास वाली? फाइल मोटी हो रही थी, निकाल दी.
बाबांना बाभळीचं सांगितलं नाही. श्रुतीलाही नाही.

१३ जुलै
वृक्षारोपण. पहिलं रोप माझ्या हातून, गुलमोहराचं. नाही म्हणणार होते, पण माइकवरून नाव पुकारलं. श्रुती आली नाही. काका आले, माझ्याकडे न बघता रोपं वाटत राहिले. फोटोच्या वेळी ओढणीतलं जुनं कुसळ मानेला टोचलं. हलले नाही.
बाबा कोट घालून आले होते. प्रमाणपत्र लांब धरून वाचलं. म्हणाले, नाव बिनचूक लिहिलंय. मग म्हणाले, नोंद पुरी केलीस ना?
केली.
झाडे: तीनशे चाळीस. दोनदा मोजली.