दोघांना अडवून धरणारा

वॉटफर्ड, ९ ऑक्टोबर

प्रिय समर,

रविवारी फोनवर तू विचारलंस, बाबा, जर्मनीतला क्लब आणखी एक वर्षाचा करार देतोय, शुक्रवारपर्यंत सही करायची, करू का? मी तुझं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. कर म्हटलं. मग सोमवारी लायब्ररीतल्या बाईंनासुद्धा सांगून आलो की आमचा मुलगा एकतिसाव्या वर्षीही फुटबॉलच्या डिफेन्सिव्ह लाइनच्या मधोमध उभा राहणार आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे गोल अडवतो का? मी त्यांना बावीस मिनिटं समजावलं. आई म्हणाली, बिचारी पुस्तकं लावत होती, तिला कशाला धरलंत.

पण मला तरी सुरुवातीला कुठे काय ठाऊक होतं? तू सोळाचा असताना तुझी अमेरिकन फुटबॉलची पहिली मॅच बघायला आलो, थर्मास आणि धपाटे घेऊन. परतताना गाडीत तुला विचारलं, अख्ख्या मॅचमध्ये तू बॉलला हातसुद्धा लावला नाहीस, तुला कुणी देत नाही का? त्या प्रश्नाची मला अजून लाज वाटते. मग मी तो खेळ शिकलो. लिफ्टची दुरुस्ती शिकलो तसाच, कॉलेजात न जाता, पुस्तक समोर उघडून, एकेक भाग सुटा करून. तेव्हा कळलं की बॉल पकडणं हे तुझं कामच नाही. समोरचे दोन आडदांड गडी तुझ्या अंगावर येतात, त्या दोघांना तू जागेवर धरून ठेवायचं, म्हणजे तुझ्या मागचा मोकळा सुटतो आणि बॉलवाल्याला पाडतो. टाळ्या त्याला, आकडेवारीत नाव त्याचं. तुझ्या त्या डावाची नोंद कुठेच होत नाही, म्हणून मी करायला लागलो. प्रत्येक लिफ्टचं लॉगबुक असतं, तसं तुझं. आता पाचवी वही चालू आहे. दोघांना अडवून धरलेले डाव एक हजार एकशे चौदा, व्हिडिओ न मिळालेल्या नऊ मॅचेस सोडून.

आई वह्यांना हसते. तिचं गणित वेगळं. अमेरिकेतल्या कॉलेजच्या कोचनं कळवलं होतं की मुलाचं वजन अकरा किलोनं वाढवा, तो तिच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा दिवस. तुझ्या पदवीचा त्यानंतर. पण मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो वेगळ्याच दिवसाचा. तिथल्या व्यावसायिक संघानं तुला दोन वर्षं सरावाला ठेवलं आणि एका फोनवर मोकळं केलं. तू आम्हाला एवढंच म्हणालास, बाबा, इथलं झालं, आता जर्मनीत बघतो. अकराव्या दिवशी तू तिथल्या मैदानावर होतास. त्या संघाबद्दल वाईट शब्द तुझ्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही. तुझ्या वयाचा असताना माझी नोकरी गेली होती, तेव्हा मी आठ महिने घरात तोंड फुगवून बसलो होतो. आईला विचार. हे तू माझ्याकडून शिकलेला नाहीस.

आता पुढचं सावकाश वाच. फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून हातानं लिहून पानांचे फोटो पाठवतोय. बॉल हलला की लाइनीत पहिलं पाऊल तुझं पडतं. व्हिडिओ थांबवत थांबवत मी मोजलंय, सहा वर्षं तसंच आहे. जुलैत तुझं डोकं समोरच्याच्या डोक्यावर आपटलं. तू उठलास आणि अंगठा वर करून डॉक्टरांना ठीक असल्याची खूण केलीस. त्यानंतरच्या सातही मॅचेसमध्ये तुझं पाऊल लाइनीतल्या चौघांत शेवटचं आहे. शेवटच्या मॅचमध्ये दोनदा तू चुकीच्या जागी उभा राहिलास, शेजारच्यानं जर्सी ओढून तुला हलवलं. हे मला ऑगस्टमध्येच दिसायला लागलं होतं. वहीत लिहिलं आणि पान उलटलं, कारण तू आणखी एक वर्ष तिथे उभा राहायला मला हवा होतास. रविवारी तू उदयकाकाच्या ऑपरेशनबद्दल विचारलंस, आणि चार मिनिटांनी पुन्हा विचारलंस, पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं. लिफ्टचं दार अर्धा सेकंद उशिरा लागलं तरी मी ती बंद करून पाटी लावतो, मग बिल्डिंगवाले काही का म्हणेनात. तुझ्यासाठी तेवढंही केलं नाही. म्हणून रविवारचं ते 'कर' मी परत घेतोय. सही करू नकोस. आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायचं. तू तिथेही आय ॲम फाइन म्हणशील, मला माहीत आहे, तेव्हा गुरुवारी सकाळच्या विमानानं मी पाचवी वही घेऊन येतोय. आईला सांगितलंय की तुझ्या सहीच्या वेळी हजर राहायला निघालोय. ती खुशीत आहे, धपाट्यांचं पीठ भिजवतेय. घरी आल्यावर तिला काय सांगायचं, ते आपण दोघं बसून ठरवू.

तुझाच,
बाबा