एक जोडी बूट, दोन उमेदवार

इलोइलो, शनिवार, १४ मार्च, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. सोमवारचा शर्ट धुऊन दोरीवर घातला आणि लिहायला बसलो.

आदरणीय तियो सेव्हेरो यांना,

तुमचा हात कपाळाला लावून (पत्रातून लागेल तितका) भाचा एल्मरचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? दुकानापुढच्या गटारावर फरशी बसली, की गिऱ्हाइकं अजून उडी मारूनच येतात? आम्ही सगळे बरे आहोत. दोन वर्षांपूर्वी तुम्ही मला होड्यांच्या इंजिनांचं काम शिकायला ठेवून घेतलं नाहीत, त्याचा राग नाही. मी एक बोल्ट चारदा तपासतो आणि तोवर भरती जाऊन ओहोटी लागते, हे तुमचं म्हणणं खरंच होतं.

आता मुख्य गोष्ट. इथे चर्चमागच्या खोलीत मानांग पुरिता (मानांग, म्हणजे सगळ्यांच्याच थोरल्या ताई) बसतात. शाळा अर्धवट सुटलेले, कागदपत्रं नसलेले, ऊसतोडीतून परत आलेले, अशांना त्या कारागिरांकडे शिकाऊ म्हणून लावून देतात. गेल्या महिन्यात एका मुक्या मुलीला घेऊन त्या अकरा शिंप्यांकडे फिरल्या. बाराव्यानं तिला ठेवून घेतलं, कारण त्याला दुकान बंद करायचं होतं आणि या उठत नव्हत्या. (हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना जराही लाज वाटली नाही.) खोलीत रिकाम्या खुर्चीला मालक समजून आमच्याकडून बोलण्याचा सराव करून घेतात. नखं तपासतात. मुलाखतीसाठी एक जोडी काळे बूट आहेत, त्यांच्या वारलेल्या यजमानांचे. सगळे उमेदवार तेच घालतात. मला मोठे होतात, म्हणून डाव्यात तीन पानं वर्तमानपत्र कोंबलं आणि उजव्यात चार. (माझा उजवा पाय लहान आहे हे मला बावीस वर्षांत माहीत नव्हतं.)

गुरुवारी मानोंग इग्मेदिओ यांच्या बेकरीत एका शिकाऊची जागा होती. (वयानं थोरले, म्हणून सगळे त्यांना मानोंग, म्हणजे दादा, म्हणतात. नावाचं स्पेलिंग पाटीवरून दोनदा पाहून घेतलंय.) जागा एक आणि आम्ही दोघं: मी आणि देल्फिन. देल्फिन एकतीस वर्षांचा, उसाच्या लॉरीवरून पडून गुडघा गेलेला, घरी दोन मुली. बूट एकच जोडी असल्यामुळे तो चपला घालून बाहेर बसला आणि मी आत गेलो.

मानोंगनी नाव विचारलं नाही. भट्टीतून काढलेले चोवीस पाव माझ्यापुढे ठेवले आणि खा म्हणाले. आता आपल्याकडे कुणी खायला बोलावलं की काय म्हणायचं, ते तुम्हीच लहानपणी माझा कान धरून शिकवलंत. खुर्चीपुढच्या सरावातही मानांगनी तेच घोकून घेतलं होतं. मी म्हणालो, पोट भरलंय. त्यांनी परत आग्रह केला, मी परत नको म्हणालो. तिसऱ्यांदाही. (सकाळपासून मी फक्त पाणी प्यायलो होतो.) पाव थंड झाले, मानोंगचा चेहराही थंड झाला, आणि त्यांनी मला दाराकडे बोट दाखवलं.

मग बूट काढून देल्फिनला दिले. (कागद काढायचा राहिला, बिचारा तसाच लंगडत आत गेला.) त्यानं पाच पाव खाल्ले आणि मीठ कमी आहे असं सांगितलं. मीठ खरंच कमी होतं. पण भट्टीपुढे आठ तास उभं राहायचं असतं. मानोंगनी त्याचा गुडघा पाहिला आणि दोघांनाही घरी जायला सांगितलं.

तेव्हा आमच्यासोबत येऊन बाहेर थांबलेल्या मानांग पुरिता छत्री मिटून आत गेल्या.

"मानोंग, त्याला नको म्हणायला मी शिकवलं. चूक माझी. मला हाकला, पण आधी त्याला खायला घाला."

"तुम्हाला हाकलून तुम्ही जाता होय? बोलवा त्याला."

मी अनवाणीच आत गेलो. पाव खाल्ला. कसा आहे विचारल्यावर घाबरून तोंडातून तेच निघालं जे मघापासून डोक्यात होतं: समोर उरलेल्या पावांतले सहा वजनाला कमी आहेत. (नको नको म्हणत असताना पाहायला दुसरं काय होतं?) मानोंगनी वजन केलं. सहाच निघाले. सोमवारी पहाटे चारला ये, म्हणाले.

मी बाहेर आलो तर देल्फिननं मी काही सांगायच्या आधीच माझं अभिनंदन केलं. मी मानांगना म्हटलं, आता तुम्ही दमला असाल, घरी जा.

"एक लागला म्हणून घरी जाऊ? दुसऱ्याच्या मुली काय खुर्चीशी बोलून जेवणार?"

तियो, अशी बाई मी पाहिली नाही. बाकी सर्व क्षेम.

तुमचा आज्ञाधारक,
एल्मर

ता. क. देल्फिन सात वर्षं लॉरीवर होता. इंजिनात काय बिघडलंय ते तो नुसता आवाज ऐकून सांगतो. इंजिनांचं काम बसून करता येतं, हे माझ्या बोलण्याच्या ओघात मानांगपुढे निघालं. तुमच्या दुकानाचा पत्ताही निघाला.

पुन्हा ता. क. तुम्ही हो म्हणाल, असं मी सांगून टाकलंय. रागवा, पण माझ्यावर.

शेवटचा ता. क. हे पत्र टपालानं पाठवत नाही, मानांगच्याच हाती देतोय. म्हणजे तुम्ही वाचत असताना त्या समोर उभ्या असतील आणि देल्फिन त्यांच्या मागे. गटारावरून उडी मारून आला असेल. आधी त्याला बसायला काहीतरी द्या.