बावन्नचं काय झालं

शुक्रवार, ५ ऑक्टोबर २००१
सकाळी ७.४०. चोपड्याच्या फेरीबोटीत उभा राहून लिहितो आहे, म्हणून अक्षर हलतं. पिशवीत ब्रश, रंगाचे दोन डबे आणि भाईंची वही. वही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आहे. दोनदा चाचपून पाहिली. आहे.

संध्याकाळी, पार्से, घरी. म्हापशात कापडवाल्याची पाटी पुरी केली. त्याने कागदावर 'लग्नमूहुर्ताच्या साड्या' असं लिहून दिलं होतं. मी 'मुहूर्त' केलं. तो म्हणाला, कोण बघतो? मी म्हटलं, मी बघतो.

मग ब्रेन्डाच्या इंटरनेट कॅफेत एक तास. नवी डायरी आहे, म्हणून पद्धत एकदा लिहून ठेवतो. भाईंनी लिहिलेली टीव्हीवरची मुलांची मालिका 'शून्य अंतर' पुण्याच्या कोणा चाहत्याला अजून आठवते. त्याने नेटवर तिच्यासाठी पान काढलं आहे. लोक तिथे प्रश्न घालतात. मी शुक्रवारी ते छापून घेतो, रविवारी चोपड्याला भाईंकडे नेतो. ते सांगतात, मी वहीत उतरवतो, पुढच्या शुक्रवारी इंग्रजी अक्षरांत टाइप करतो. मराठी अक्षरं त्या यंत्रावर उमटत नाहीत. भाई यंत्राजवळ बसायला तयार नाहीत. म्हणतात, यान चालवलं तेवढं पुरे.

आज प्रश्न (प्र.) ७. त्यात मस्कतवाल्याचा नेहमीचाच, 'बावन्नचं काय झालं?' बावन्न म्हणजे मालिकेतला यंत्रमानव. एप्रिलपासून दर आठवड्याला तेच विचारतो. भाई दर वेळी म्हणतात, पुढच्या वेळी.

रविवार, ७ ऑक्टोबर
भाईंकडे. बल्कावातल्या, म्हणजे दारापुढच्या ओसरीतल्या, बाकावर बसलो. माईंनी (भाईंची बहीण) चहा आणि उंडे (पाव) दिले. आधी सोपे प्रश्न घेतले.

यानाचं दार उघडताना आवाज कसला? सायकलच्या पंपाचा.
चंद्रावरची जमीन? तुसाची राख. दोन पोती, तीही उसनी.
बावन्न कशाचा केला? रॉकेलचा डबा, शिवणयंत्राचं चाक, मागून ओढायला एक माणूस.
बावन्नचा आवाज कुणाचा? यावर आतून माई म्हणाल्या, "बरोवं नाका." लिहू नको. मग स्वयंपाकघरातून पितळी पेला तोंडाशी धरून म्हणाल्या, "दरवाजा बंद आहे, कप्तान." माझ्या अंगावर काटा. तोच आवाज. भाई मुंबईत मालिका करत होते तेव्हा माई त्यांचं जेवण करायला गेल्या होत्या आणि यंत्रमानव होऊन परत आल्या. हे आजवर कुणालाच ठाऊक नाही. मीही लिहिलं नाही. इथे लिहिलं ते चालेल.

मग मस्कतवाला. गोवा घटकराज्य झालं त्या वर्षी मालिका थांबली. मी दहा वर्षांचा, पंचायतीच्या टीव्हीपुढे सगळ्यांत पुढे बसलेला. अकराव्या भागात बावन्न यानाबाहेर जाऊन तुटलेली तार जोडतो, आणि कमरेची दोरी सुटते. पुढच्या रविवारी दुसराच कार्यक्रम लागला. बाबा म्हणाले, पैसे संपले असतील त्यांचे.

भाई आज 'पुढच्या वेळी' म्हणाले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मी पेन उघडून तयार. मग म्हणाले, "बरंय. घाल आज. शेवटी बावन्न मेळला."
मी लिहिलं. शेवटी बावन्न मेळला. चौदा वर्षांनी.
परत येताना सायकल चालवली नाही, हातात धरून चालत आलो. आईने विचारलं, टायर गेला काय? मी म्हटलं, नाही.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर
म्हापसा. उत्तरं घातली. सगळ्यांत जास्त वेळ 'मेळला'ला गेला. ळ नाही यंत्रात. एक एल घातला तर पोकळ वाटतो. भाई जोर देऊन 'मेळ्ळा' म्हणतात, म्हणून दोन घातले. एम, ई, एल, एल, ए. चार वेळा वाचून मग बटण दाबलं.
ब्रेन्डा म्हणाली, एक शब्द आणि पंधरा मिनिटं, उमेश, तू तार ऑफिसात असतास तर लोक उपाशी मेले असते.

शुक्रवार, १९ ऑक्टोबर
प्र. ३१. एवढे कधीच आले नव्हते. आनंदाने सगळे छापायला सांगितले, नंतर वाचायला बसलो.

प्रश्न नव्हतेच. नाशिकची एक बाई, 'आम्ही भावंडं काल रात्री फोनवर रडलो.' कोणी एक, 'मुलांच्या मालिकेत असा शेवट करायला धैर्य लागतं, सलाम.' एकाने नुसतं, 'बिचारा.'
मला कळेना. बावन्न मेळला तर बिचारा का?

ब्रेन्डा खांद्यावरून वाचत होती. "अरे, तो मेलो मरे?"
मी म्हटलं, मेलो न्हय, मेळ्ळो.
ती म्हणाली, "हांगा तर मेलो बरयलां." इथे तर मेला लिहिलंय.

तेव्हा दिसलं. आमच्याकडे हरवलेलं माणूस मेळतं. गाय मेळते, किल्ली मेळते. पुण्याला, नाशिकला सापडतं. त्यांना मेळणं माहीत नाही, आणि माझ्या दोन एलमध्ये ळ नाही. त्यांनी वाचलं, शेवटी बावन्न मेला.

पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकू नये म्हणून कोश घेऊन हिंडणारा मी.

तिथल्या तिथे दुरुस्त करावं म्हणून बसलो. पण उत्तर भाईंचं आहे. त्यांना न विचारता त्यांचा शब्द कसा बदलणार? तास संपला. उठलो.

रविवार, २१ ऑक्टोबर
सांगितलं नाही.
भाईंनी विचारलं, किती आले? मी म्हटलं, एकतीस. ते एवढे खूश झाले की माईंना हाक मारली, एकतीस गो! त्यातले दोनच वाचून दाखवले, ज्यांत नुसतं 'सलाम' आणि 'आपले आभार' होतं. बाकीचे कागद शर्टाच्या आत. घामाने शाई लागली बनियनला.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर
प्र. २. एक, मालिकेचं संगीत कुणाचं.
दुसरा मस्कतवाला. 'उत्तराबद्दल आभारी आहे. आता माझा काही प्रश्न राहिला नाही.'
हे तीनदा वाचलं.

शुक्रवार, २ नोव्हेंबर
प्र. ०. यंत्र बिघडलं की काय म्हणून ब्रेन्डाला दुसरं उघडायला लावलं. त्यावरही ०.
लोकांना बावन्नचंच विचारायचं होतं. ते कळलं, संपलं. कोण येणार आता, आणि कशाला?
मी रविवारी काय नेऊ? भाई शनिवारपासून दाढी करून बसतात, हे माईंनीच मला सांगितलं आहे. आणि मी तरी? नववीत शाळा सुटल्यापासून माझ्याकडून कुणी काही लिहून घेतलं असेल तर ते हेच. बाकी सगळं रंगाने, दुसऱ्याच्या भिंतीवर.

रविवार, ४ नोव्हेंबर
सांगितलं.
आधी वही काढली, वहीतला 'मेळला' दाखवला. मग नेटवरचा छापील. मग शर्टात लपवलेले बाकीचे कागद, चुरगळलेले. बोलताना जीभ अडखळली, ते नेहमीचंच.

भाईंनी कागद लांब धरून वाचला. "ळ खंय गेलो?"
"इंग्रजीत नसतो, भाई."
"एवढी मोठी भास, आनी ळ ना?"

मला वाटलं आता ओरडतील. ते एक-एक कागद मांडीवर सपाट करत वाचत गेले. नाशिकच्या बाईपाशी थांबले. आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता. मग पेला तोंडाशी धरलेला आवाज, "मी मेलों? माका कोणें सांगूंकूच ना."

मला हसू फुटलं. थांबेचना. भाई हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.
"उमेश, मेळला तरी कुठे तो?"
मला समजलं नाही.
"बारावा भाग मी लिहिलेलाच नाही. पैसे संपले ते खरंच. पण संपले तेव्हा सुटलो असं वाटलं. दोरी सुटली तिथवर आलो होतो. पुढचं मला येत नव्हतं."
मी म्हटलं, मग त्या दिवशी मेळला म्हणालात ते?
"तू पेन उघडून बसलास. त्या वेळी स्वतःचं तोंड बघायला हवं होतंस."

मला राग यायला हवा होता. आला नाही. एकच डोक्यात आलं, म्हणजे बावन्न अजून तिथेच आहे.

मग थोडा वाद झाला. माझ्याकडून भाईंशी पहिल्यांदाच. ते म्हणाले, लोकांचं रडून झालं, आता राहू दे. मी म्हटलं, चुकीची पाटी मी भिंतीवर ठेवत नाही. ते म्हणाले, मग काय घालशील? मेळला? तेही खोटंच. माईंनी चहा आणून मध्ये ठेवला आणि म्हणाल्या, चौदा वर्सां तो थंडीत लटकता, आनी हे दोगूय बसल्यात व्याकरण घेवन.

जरा वेळाने भाईंनी वही माझ्याकडे सरकवली. म्हणाले, कोरं पान काढ. वर लिही, भाग बारावा.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर
म्हापसा. हे घातलं, भाईंच्या संमतीने, अक्षरं प्रत्येकी तपासून, आणि ळ असलेला एकही शब्द न वापरता:
'मागच्या उत्तरात चूक माझी, टाइप करणाऱ्याची. बावन्न मेला असं त्यांनी म्हटलं नव्हतं. शेवटचा भाग आता लिहीत आहेत. अजून काही ठरवलेलं नाही. उमेश, पार्से.'
माझं नाव पानावर पहिल्यांदाच. घालू की नको यात सात मिनिटं गेली. चूक कुणाची ते कळायला नाव हवं.

ब्रेन्डाने वाचून विचारलं, भाईंनी तुला काढून टाकलं नाही? मी म्हटलं, नाही, सोमवारीही बोलावलं आहे.

रविवार, ११ नोव्हेंबर
भाईंकडे नऊपासून दीडपर्यंत. पाच पानं झाली. भाई उभे राहून सांगतात, फेऱ्या मारतात, मध्येच 'खोड ते' म्हणतात. मी खोडत नाही, एक रेघ मारतो, खालचं वाचता यावं म्हणून. नंतर विचारतातच, आधी काय म्हणालो होतो?
कप्तान खिडकीतून बघतो. बाहेर काळोख. हे भाईंनी सहा प्रकारे सांगितलं. सहावा चांगला आहे.

मी धीर करून विचारलं, शेवटी काय होणार? म्हणाले, तू परत तसं तोंड करू नकोस, खाली बघून लिही.
माईंची एकच अट. तो मेला तर आवाज काढणार नाही. भाई म्हणाले, आवाज काढायला कोण बोलावतो तुला? कुठे दाखवायचं आहे हे? माई म्हणाल्या, मगीर बरयता कित्याक? मग लिहितोस कशाला?
भाई पुढचं वाक्य सांगू लागले.

सोमवार, १२ नोव्हेंबर
सकाळी ६.३०. पाट्यांची दोन कामं उद्यावर ढकलली. दिवाळी तोंडावर असताना असं कधी केलं नव्हतं. आई म्हणाली, बरा आहेस ना? बरा आहे. खरंच.
दुपारी, भाईंकडून आल्यावर. कप्तान दारापर्यंत आला.

शुक्रवार, १६ नोव्हेंबर
दुपारी २.१०, म्हापसा स्टँड, शिवोलीच्या बसमध्ये बसून. बस सुटायची आहे.
प्र. २३.
नाशिकची बाई रागावली आहे, आमचे अश्रू परत करा म्हणते, पण पुढे दोन प्रश्नही आहेत. एकाने 'टाइप करणारे उमेश' यांना विचारलं आहे, पार्से कुठे आलं? कुणी तरी मला प्रश्न विचारला. याचं उत्तर वहीत कुठे लिहायचं ते ठरवलेलं नाही.

मस्कतवाला परत आला. या वेळी 'बावन्नचं काय झालं' असं विचारलेलं नाही. विचारतो, 'दोरीचं दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?'

वहीतली सगळी पानं इथेच काढून बघितली. भाईंनी ते कुठेच सांगितलेलं नाही. अकराव्या भागातही दाखवलं नव्हतं, मला नक्की आठवतं. रविवारपर्यंत थांबवत नाही. शिवोलीहून फेरीबोटीने चोपड्याला उतरलो की आधी भाईंकडे जाणार, घरी मागाहून.

खर्च:
बस, जाऊन येऊन १०
नेट दीड तास ६०
प्रिंट, पानं ४, २०
दोनशे पानी वही १, २२
एकूण ११२.
देणे: ब्रेन्डा १५. सुटे नव्हते.