कपाटातली कुंडी

९ फेब्रुवारी, सोमवार

दादा उपदेश करून गेला. "तिला वेळ दे." मग मी काय देतेय? बाबा गेल्यापासून आई पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. बोलत नाही. दोन घास खाऊन ताट सरकवते. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर बघू, नाहीतर भरती करून नाकातून नळी. दादाचं काय जातं — दुपारी येतो, डबा ठेवतो, पळतो!

शाळेतल्या शुक्रवारच्या प्रयोगाची कुंडी आईच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. तिथे पडदे कायम ओढलेले. पानांतला पिष्टाचा जुना साठा अंधारात संपायला हवा.

११ फेब्रुवारी, बुधवार

नववीला ओरडून घसा बसला. पान हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, मुळांकडून पाणी घेतं आणि उन्हाच्या जोरावर साखर बनवतं; उरलेली पिष्ट करून साठवतं. कार्बन पकडायचं काम रुबिस्को नावाच्या प्रथिनाचं. सगळ्या जगाचं पोट त्याच्यावर, आणि कारभार बघा! गोगलगायीची चाल, वर मधूनच चुकून ऑक्सिजन पकडतो. कामचोर! थेट आमचा दादा.

आईने आज दूधही नाकारलं. मानेनेच.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फजिती! मोठ्या बाई मागच्या बाकावर. झाडाचं एक पान कॉस्टिकच्या बाटलीत कोंडलेलं — कॉस्टिक आतला सगळा कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं, म्हणजे साखरेला कच्चा मालच नाही. सकाळपासून ऊन दिलं. शेवटच्या तासाला पान स्पिरिटमध्ये उकळून वर आयोडीन टाकलं. पिष्ट नसेल तर पिवळट राहायला हवं होतं. काळंनिळं झालं!

"बाई, हवा न खाताच जेवलं की झाड!" वर्ग खो खो हसला. मोठ्या बाईसुद्धा.

म्हणजे साठा आधीचाच. कुणीतरी कुंडी उन्हात ठेवली होती. घराची दुसरी किल्ली दादाकडेच. फोनवर त्याची बिनपाण्याने हजामत केली. "अगं, मी कपाटाला हातसुद्धा लावला नाही!" चोराच्या उलट्या बोंबा.

१६ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरांचा फोन. उद्या भरती. मी आईवर ओरडले — "बाबा काय फक्त तुझेच होते?" तिने कूसही बदलली नाही. मग रडले, तेही रागानेच.

कुंडी पुन्हा कपाटात. हट्टाने.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बॅग भरायला अर्ध्या सुट्टीतच घरी आले. कपाट सताड उघडं. पलंग रिकामा! आई पडदे सारून खिडकीशी उभी, कुंडीला पाणी घालतेय. माझ्यावरच खेकसली, "पुन्हा झाडाला कोंडून उपाशी मारतेस? अक्कल कुठे गहाण टाकलीस?" मग कुंडी उन्हात सरकवून म्हणाली, "मलाही काहीतरी दे खायला."